आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे : हायवेलगतची गरम पाण्याची कुंडं

मुंबई-गोवा हायवेने चिपळूण सोडून संगमेश्वरकडे निघालं की आधी आरवली येतं, मग तुरळ, आणि तुरळवरून जरा आत वळलं की राजवाडी. तिन्ही ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं, बारा महिने, कुणी मोटर लावलेली नाही की बोअर मारलेली नाही. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात या रस्त्याने इतक्या गाड्या जातात पण इथे थांबणारे कमीच, आणि थांबले तरी बहुतेक लोक पाच मिनिटं बघून फोटो काढून पुढे जातात. आम्ही मात्र खास यासाठीच गेलो. आईचे गुडघे आणि मावशीची कंबर हे एक कारण, आणि आईचं आजोळ सावर्ड्याकडचं असल्यामुळे तिने आरवलीचं कुंड लहानपणी बघितलेलं हे दुसरं. मला स्वतःला बघायचं होतं की या जागा आता नेमक्या कशा आहेत, कारण नेटवर एकतर दहा वर्षांपूर्वीचे फोटो मिळतात नाहीतर 'निसर्गाचा चमत्कार' एवढंच लिहिलेलं असतं, तिथे बाईमाणसाला कपडे बदलता येतात का हे कुणीच लिहीत नाही.

शुक्रवार

रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली. यात सांगण्यासारखं काही नाही, डिसेंबर असल्यामुळे खिडकीतून चांगलाच गार वारा येत होता, मावशीने दोन शाली घेतलेल्या त्यातली एक मला मिळाली. पहाटे संगमेश्वर रोडला उतरलो, तिथून गावात एका घरगुती राहायच्या ठिकाणी सामान टाकलं, काकूंनी चहा आणि घावणे दिले आणि त्यांच्याच ओळखीचे एक रिक्षावाले दादा दिवसभरासाठी ठरवले. आम्ही उलटं जायचं ठरवलं, म्हणजे आधी लांबचं आरवली करायचं आणि मग परत येताना तुरळ.

शनिवार, सकाळी आरवली

आरवली गडनदीच्या काठावरचं गाव. इथलं पाणी या तिन्हीत सगळ्यात सौम्य, चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे थेट अंगावर घेता येतं, गार पाणी मिसळावं लागत नाही. आई रिक्षात सगळ्या रस्ताभर सांगत होती की आम्ही पहाटे अंधारात यायचो, बायका आधी आणि पुरुष उजाडल्यावर असं ठरलेलं असायचं, आणि थंडीत पाण्यावर इतकी वाफ असायची की समोरची बाई दिसायची नाही.

पोचलो तर आईला जागाच ओळखू येईना. चौपदरीकरणाचं काम अगदी अंगावर आलंय, रस्त्याची उंची वाढलीय, भराव, खडी, धूळ, आणि ट्रक गेला की पायाखालची जमीन हादरते. आई थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "अगं इथे झाड होतं मोठं." मावशीने तिचा हात धरला आणि दोघी हळूहळू खाली उतरल्या.

कुंडात पाणी होतं पण बघवत नव्हतं. वर हिरवट-करडा थर, कडेला शेवाळ, शाम्पूच्या पुड्या, साबणाचे कागद, पाण्याच्या बाटल्या, आणि तळाला बोटभर लाल माती, बहुतेक पावसात भरावावरून वाहून आलेली. गंमत अशी की या सगळ्याच्या खालून बुडबुडे येतच होते. एका कोपऱ्यात मातीतून छोटे छोटे फुगे वर येत होते, थांबत होते, परत येत होते, म्हणजे झरा जिवंत आहे, त्याला काहीही झालेलं नाही.

आम्ही पाय घालावे की नको या विचारात असताना एक आजोबा आले, खांद्यावर पंचा, हातात छोटं फावडं. आम्हाला बघून म्हणाले, "वाईच थांबा, पाणी सोडतो." आणि ते सरळ कुंडाच्या खालच्या बाजूला गेले, तिथे पाणी बाहेर पडायची जागा होती ती पूर्ण बुजलेली, पालापाचोळा, प्लास्टिक, चिखल. त्यांनी फावड्याने तेवढं उकरून काढलं. बस एवढंच. पाणी धो धो नाही पण चांगलं वाहायला लागलं, वरचा थर आपोआप त्या दिशेने सरकायला लागला, आणि मी आणि मावशीने खाली वाकून पिशव्या, पुड्या गोळा केल्या (एक मोठी पिशवी भरली), आणि अर्ध्या तासात, खरंच अर्ध्या तासात, कुंडाचा एक कोपरा असा स्वच्छ झाला की तळाचा दगड दिसायला लागला. मागून नवं पाणी येतच होतं ना. घाण काढायला पाणी उपसावं लागत नाही, नुसती वाट मोकळी करावी लागते, झरा स्वतःच सगळं धुऊन काढतो.

आजोबा रोज येतात. मी विचारलं, बाकी कुणी येत नाही का साफ करायला? म्हणाले, "येतात ना, आंघोळीला येतात. आंघोळ झाली की जातात." बोलण्यात राग नव्हता. त्यांना मुळात जास्त काही बोलायचं नव्हतं, त्यांनी पाय सोडले आणि डोळे मिटून बसले. आई आणि मावशी त्या स्वच्छ कोपऱ्यात गुडघ्यापर्यंत पाय घालून बसल्या, मी त्यांच्या शेजारी. वरून ट्रक जात होते. आईने बऱ्याच वेळाने सांगितलं की पाणी मात्र तेच आहे.

हे पाणी गरम का, हे मी तिथे बसून दोघींना सांगितलं आणि इथेही सांगते, कारण रिक्षावाल्या दादांपासून सगळे म्हणत होते की खाली ज्वालामुखी आहे. तसं नाहीये. कोकणातला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, हा लाव्हाचाच आहे हे खरं, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झालाय. होतं असं की पावसाचं पाणी कातळातल्या भेगांमधून खोल खोल मुरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसं तापमान वाढतं, ढोबळ मानाने दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. म्हणजे पाणी साठ अंशांवर तापून वर येत असेल तर ते निदान किलोमीटरभर तरी खाली जाऊन आलेलं असणार, आणि वर येताना वाटेत ते निवतंही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून खोल. जिथे मोठी भेग मिळते तिथून ते झपाट्याने वर येतं, पूर्ण थंड व्हायला वेळ मिळत नाही, तिथे गरम झरा. पालघरकडच्या कोकणेर-सातिवलीपासून, वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोलीकडचं उन्हवरे, आणि मग हे आरवली-तुरळ-राजवाडी करत थेट राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या पट्ट्यात हे झरे एका रांगेत लागतात, कारण खालच्या भेगा तशा रांगेत आहेत. मला ही गोष्ट चमत्कारापेक्षा कितीतरी मोठी वाटते, आपल्या सह्याद्रीवर पडलेला पाऊसच जमिनीखालून एवढा प्रवास करून आलेला असतो.

आणि म्हणूनच कुंडाच्या आसपास भराव टाकताना, खोदताना, सुरुंग लावताना जास्त काळजी घ्यायला हवी, भेग एकदा हलली किंवा बुजली की झरा दुसरीकडून निघेल नाहीतर निघणारही नाही, तो परत आणायचा कुठलाही उपाय कुणाकडे नाही.

शनिवार, दुपारी तुरळ

तुरळचं कुंड हायवेच्या अगदी जवळ आहे त्यामुळे लोकांना माहीत असलेलं तेच. इथे पाणी कडक, साठ अंशांच्या आसपास, हात घातला तर लगेच बाहेर काढावा लागतो. दुपारची वेळ असूनही वर वाफ दिसत होती आणि गंधकासारखा हलका वास.

इथे चित्र वेगळं. आरवलीला कुणी नव्हतं, इथे गर्दी. एक मोठी गाडी थांबलेली, त्यातली पोरं फडक्यात अंडी बांधून पाण्यात सोडून उभी. साठ अंशांत अंडं धड शिजत नाही, पांढरा भाग पातळच राहतो, मग ती अर्धकच्ची अंडी तिथेच फोडून टाकून दिली जातात आणि टरफलं पाण्यात. कडेला आधीच्या लोकांच्या टरफलांचा थर होता. मी त्या पोरांना सांगितलं की शिजणार नाही रे, चांगली मुलं होती, ऐकलं त्यांनी, काढून घेतली आणि टरफलंही उचलली मी पिशवी पुढे केल्यावर. म्हणजे सांगितलं तर लोक ऐकतात हा माझा अनुभव, पण सांगायला कुणीतरी तिथे असायला हवं किंवा निदान एक पाटी तरी हवी. किती गरम आहे, लहान मुलांना सोडू नका, साबण लावू नका, एवढी तीन वाक्यं मराठीत. माझ्या नजरेला अशी वाचता येईल अशी पाटी पडली नाही. साठ अंशांचं पाणी म्हणजे काही सेकंदांत भाजतं, पोरगं पाय घसरून पडलं तर काय होईल याचा विचारही करवत नाही.

आंघोळीचं म्हणाल तर पुरुष मंडळी कडेला उभी राहून बादलीत गार पाणी मिसळून अंगावर घेत होती, त्यांचं निभावतं. बायकांचं काय? आडोशाला म्हणून बांधलेल्या एका खोलीला दार होतं पण कडी नव्हती आणि आत असा वास की मावशी दारातूनच मागे फिरली. शेवटी आईने पिशवीतून जुनी नऊवारी काढली (ती सोबत घ्यायची कल्पना तिचीच), दोन टोकं दोरीने बांधली, एक टोक मी धरलं, आणि आळीपाळीने दोघींनी बादलीत निववलेलं पाणी गुडघ्यांवर, कंबरेवर घेतलं. आमच्या मागून आलेल्या दोन बायका, लांज्याच्या बाजूच्या, त्यांनी विचारलं, "ताई, आम्ही पण जाऊ का आत?" म्हटलं जा की. मग पुढचा तासभर ती साडी तशीच राहिली आणि सहा-सात जणी येऊन गेल्या. त्यातली एक म्हणाली की ती माहेरी जाताना दरवेळी इथून जाते पण आंघोळ आज पहिल्यांदाच केली. मला याचं फार वाईट वाटलं आणि खूप रागही आला. चार भिंती आणि आतून लागणारी कडी, एवढ्यासाठी निम्म्या माणसांना हे पाणी मिळत नाही.

शनिवारी संध्याकाळी दमून मुक्कामी परत. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आई पटकन झोपली, म्हणाली पाय हलके झालेत. गरम पाण्याने सांधे मोकळे होतात, स्नायू सैल पडतात, तेवढं नक्की. कातडीचे रोग बरे होतात असं सगळीकडे ऐकायला मिळतं, त्यावर मी विसंबणार नाही. उलट कातडीचा रोग असलेली माणसं एकाच साचलेल्या पाण्यात उतरत असतील तर दुसऱ्याला व्हायचा धोका असतो.

रविवार, राजवाडी

सकाळी लवकर निघालो. हायवे सोडून आत वळलं की पाच मिनिटांत सगळं बदलतं, आवाज थांबतो, दोन्ही बाजूला शेतं, मध्येच आमराई, धुकं. राजवाडीला सोमेश्वराचं देऊळ आहे, लाकडी, जुनं, खांबांवर आणि तुळयांवर कोरीव काम, ते बघायलाच खरंतर एक वेगळा दिवस द्यावा. लाकूड किती वर्षं पाऊस खाऊन टिकलंय याचंच नवल वाटतं. मावशी एका खांबासमोर इतका वेळ उभी की रिक्षावाले दादा तिला शोधत आले. देवळाजवळच गरम पाण्याची कुंडं.

पाणी इथेही चांगलंच गरम, तुरळच्या खालोखाल. पण जागा स्वच्छ! चपला बाहेर, साबण नाही, पाणी एका बाजूने येतंय आणि दुसऱ्या बाजूने पाटाने खाली जातंय, पाट कुठेही तुंबलेला नाही. एक बाई खराट्याने कडा झाडत होत्या. मी विचारलं की कुणी नेमलंय का तुम्हाला, तर म्हणाल्या, "नाय ओ, आज आमच्या घरची पाळी." म्हणजे जवळची घरं आपसात वाटून घेतात. पगार नाही, कमिटी नाही, कुणी यायचं चुकलं तर शेजारची करते. पहाटे गावातल्या बायका येऊन जातात, आम्हाला उशीरच झालेला असं त्या म्हणाल्या, उजाडायच्या आत या, वाफेत कुणाला काही दिसत नाही, आडोसा लागत नाही. आई लगेच माझ्याकडे बघायला लागली, तिने आरवलीचं सांगितलेलं तेच हे.

देऊळ शेजारी आहे म्हणून राजवाडी स्वच्छ राहिली असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहेच. पण मला वाटतं त्याहून मोठं कारण की हे पाणी अजून गावाचं रोजचं आहे. आरवलीला मधे हायवे आला आणि गावाची वाट तुटली, तुरळला येणारे-जाणारे इतके झाले की कुंड कुणाचंच राहिलं नाही, आणि इथे अजून पाळ्या लागतात. खालचं पाणी सारखंच, एकाच पट्ट्यातलं.

दुपारी संगमेश्वराजवळच्या कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ बघितलं, काळ्या दगडातलं, छताचं कोरीव काम मान मोडेपर्यंत बघत राहावं असं. 1689 च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांना याच संगमेश्वरात पकडलं, त्यामुळे कसब्यात फिरताना मन आपोआप जड होतं. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

सोमवार, उन्हाळे

हा दिवस आधी ठरलेला नव्हता. काकू म्हणाल्या एवढं करताय तर राजापूरचं उन्हाळे बघूनच जा, म्हणून एक गाडी केली. राजापूरची गंगा ज्या उन्हाळे गावात प्रकटते तिथेच खाली गरम पाण्याचा झरा आहे, महालक्ष्मीच्या देवळाजवळ. गंगेचं पाणी कधी येतं कधी जातं, आम्ही गेलो तेव्हा नव्हतं, पण हा गरम झरा कायम वाहतो. तापमान आरवलीसारखंच, अंगाला झेपेल इतकं.

आणि इथे मला ते दिसलं जे तीन दिवस डोक्यात घोळत होतं. इथे पाणी गोमुखातून पडतं. तुम्ही धारेखाली बसता, पाणी तुमच्या अंगावरून जातं आणि सरळ वाहून जातं, कुणाच्याही अंगावरचं पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही. ज्या कुणी जुन्या माणसांनी हे बांधलं त्यांनी किती विचार केला असेल! कुंडात उतरायचं म्हटलं की साबण, घाण, रोग हे सगळं आलं, धार ठेवली की त्यातलं निम्मं आपोआप मिटतं. कुठलंही मशीन नाही, क्लोरीन नाही. मावशी त्या धारेखाली कंबर देऊन बसली ती उठेचना, शेवटी आईने ओरडून उठवलं, कारण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही असं आम्ही ठरवलेलं, दोघींनाही बीपी आहे.

आपल्याकडे अशा जागांचा 'विकास' म्हटलं की टाइल्स, कारंजं, सेल्फी पॉइंट आणि नावाची मोठी कमान. मला यातलं काही नको वाटतं, टाइल्सवर तर शेवाळ धरून म्हातारी माणसं घसरतात. पाणी बाहेर जायची वाट कायम मोकळी हवी, कुंडातून काढलेली एक धार हवी, बायकांना बंद खोली हवी. उन्हाळे गावात पहिल्या दोन गोष्टी जुन्या माणसांनी करून ठेवल्यात, आरवली-तुरळला त्या करायला फारसा खर्चही येणार नाही.

जाणार असाल तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, पहाटे जा. आरवली आणि उन्हाळे या दोन गावांत थेट आंघोळ करता येते, तुरळला बादली आणि गार पाणी लागतंच, मुलांचा हात सोडू नका. साचलेल्या कोमट पाण्यात डोकं बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका, कोमट गोड्या पाण्यात मेंदूला घातक असा एक अमीबा वाढू शकतो, असं क्वचितच होतं पण झालं तर वाचणं कठीण. गरोदर बायकांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. अंगाला जखम असेल तर नकोच. बायकांनी जुनी साडी, दोरी आणि दोन चिमटे न्या. एक रिकामी गोणी न्या, कचरा भरायला. संगमेश्वर रोडला उतरलात तर तुरळ आणि राजवाडी रिक्षाने अर्ध्या दिवसात होतं.

घरी आल्यावर मी एक पत्र लिहिलं, आरवली आणि तुरळ दोन्हीसाठी, फोटो जोडून. पाणी बाहेर जायच्या वाटेला जाळी बसवा म्हणजे प्लास्टिकने ती तुंबणार नाही, बायकांच्या खोलीला कडी लावा, तापमानाची पाटी लावा, आणि रस्त्याच्या भरावाची माती कुंडात येऊ नये म्हणून पावसाआधी वरच्या बाजूला चर काढा. आईने खाली सही केली आणि सहीच्या पुढे आपलं आजोळचं गाव लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही, फोन नंबर मिळवलाय, या आठवड्यात फोन करणार आहे, आणि चराचं काम मे संपायच्या आत व्हायला हवं म्हणून मार्चमध्ये परत जाऊन बघून येणार आहे.